वाढवलेला फ्रीज

"वाढवूया न्हवं मग?"

हे विचारण्याआधी मिस्त्री यंत्राच्या अंगावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत, कान लावून क्षणभर थांबत आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघत. मिक्सर असो, गिझर असो, नाहीतर चौघांनी जिन्यावरून धापा टाकत उतरवलेलं वॉशिंग मशीन असो. टकटक, कान आणि हा प्रश्न. मालकाने होकार दिल्याशिवाय ते वस्तूला पुन्हा हात लावत नसत. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीत या प्रश्नाला सगळ्यात जोरात "वाढवा, वाढवा!" असं उत्तर देणारा माणूस मी. प्रश्नाचा अर्थ न कळलेला एकमेव माणूसही मीच, हे मला जरा उशिरा समजलं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं शोभून दिसेल. मी निवृत्त प्राध्यापक, विषय मराठी. शिवाय कॉलनीच्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष. समितीत माझ्याखेरीज एक सचिव होते. ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले, तेव्हापासून आमचे सगळे ठराव एकमताने मंजूर होतात. "घरातील जुन्या उपकरणांची जबाबदारीने विल्हेवाट" या विषयावर मी गणेशोत्सवात दोनदा बोललो आहे. दुसऱ्या वेळी तर लोक आरतीची वाट बघत असल्यामुळे शेवटपर्यंत बसले होते.

अध्यक्षांच्या माळ्यावर मात्र तेव्हा तीन मिक्सर, एक पोट सुटलेला जुना टीव्ही, दोन इस्त्र्या, एक टेबलफॅन आणि कशाचा ते आता कुणालाच आठवत नाही असा एक स्टॅबिलायझर होता. तुमच्या माळ्यावर काय आहे ते मी विचारत नाही. खंडेनवमीला बायको शिडी लावून वर चढते आणि या सगळ्या मंडळींना हळदकुंकू वाहते. चालू वस्तूंना झेंडूचं एकेक फूल, बंद वस्तूंनाही एकेक. मी एकदा म्हटलं, "बंद पडलेल्या टीव्हीची कसली पूजा?" तर म्हणाली, "तुमचा चहा बंद केलाय का मी?"

अशा या समितीच्या पाटीवर विश्वास ठेवून मिस्त्री आमच्याकडे येऊ लागले. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांचा टेम्पो कोपऱ्यावर उभा राही. साठीचा, काटक, पांढऱ्या दाढीचा माणूस. खिशात स्क्रूड्रायव्हर, कानावर पेन्सिल. आयुष्यभर फ्रीज दुरुस्त केले आणि उतारवयात ते सुटे करायला लागले. सरकारदरबारी नोंद असलेल्या एका कारखान्यासाठी ते बंद पडलेली यंत्रं गोळा करत. गडमुडशिंगीच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या रानात, भाड्याच्या तुकड्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आम्ही त्याला यार्ड म्हणत असू, कारण ते तसं म्हणत.

त्यांचा एकच हट्ट असे: वस्तू अख्खी पाहिजे. आमच्या समोरच्या बंगल्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांनी फ्रीज देण्याआधी मागची तांब्याची नळी कापून घेतली होती. मिस्त्रींनी टकटक केली, कान लावला आणि ताठ उभे राहिले.

"ह्यातला गॅस कुठं गेला?"

"कुठला गॅस?" साहेब म्हणाले.

"नळी तोडलासा न्हवं? तवा फुस्स झालं असंल बघा. त्यो गॅस. त्यो आता वर गेला, आनी आपल्या नातवंडास्नी उकडत बसणार." मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल रं, हे आधीच मारल्यालं हाय."

फ्रीज तीन महिने साहेबांच्या फाटकाशी उभा होता. शेवटी साहेबांनी माफी मागितली, तेव्हा कुठे मिस्त्रींनी तो नेला. मला त्या वेळी फार आनंद झाला होता. चूक दुसऱ्याची असली की तत्त्वं किती छान वाटतात!

यंत्रांच्या पोटात सापडलेलं ते परत आणून देत. वॉशिंग मशीनच्या तळाशी गेलेली नाणी, हेअरपिना, शर्टाची बटणं, एकदा एका मुलाचा दुधाचा दात. सगळं रिकाम्या काडेपेटीत भरलेलं, वर पेन्सिलीने घरमालकाचं नाव. आमच्या मशीनमधून माझा एक सत्काराचा बिल्ला निघाला होता. त्यावरचं माझं नाव पुसून गेलं होतं आणि "प्रमुख पाहुणे" तेवढं राहिलं होतं. "सर, तुमचाच असणार," मिस्त्री म्हणाले. "कॉलनीत दुसरं कोन हाय एवढं?"

आता फ्रीजचं सांगतो.

आमचा फ्रीज बायकोने शिकवण्या घेऊन घेतलेला. मी तेव्हा नोकरीत कायम नव्हतो, पण कविता करत होतो. म्हणजे घर ती चालवत होती. दहावीच्या पोरांना गणित शिकवून आलेला तो फ्रीज सव्वीस वर्षं चालला आणि एका उन्हाळ्यात थांबला. तिला तो दुरुस्त करून हवा होता. एका मेकॅनिकने मान हलवली, दुसऱ्याने फोन उचलला नाही. त्या दुसऱ्या रविवारी ती बहिणीकडे मुरगूडला गेली होती. जाताना म्हणाली, "मिस्त्रींना विचारा, यात काही जीव उरलाय का. त्यांना कळतं."

मिस्त्री आले. टकटक केली, कान लावला. बराच वेळ लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉम्प्रेसर गेलाय. वाढवूया न्हवं मग?"

"वाढवा, वाढवा!" मी म्हणालो.

"वैनींना इचारलासा?"

"तिचीच इच्छा आहे," मी म्हणालो आणि पेपर वाचायला आत गेलो.

संध्याकाळी बायको आली. मी तिला सांगितलं, "मिस्त्री फ्रीज घेऊन गेलेत. त्याचं आयुष्य वाढवतो म्हणाले." त्यातला "आयुष्य" हा शब्द मी माझ्या पदरचा घातला होता. मला तो घातल्यासारखा वाटलासुद्धा नाही. आधी दिलेल्या वस्तूही असंच आयुष्य वाढून कुणा गरजूच्या घरी चालत असतील, असं मी धरून चाललो होतो. वाक्य अपुरं दिसलं की पुरं करायची मला व्यवसायाने सवय आहे.

पुढचा महिनाभर आम्ही फ्रीजची वाट पाहिली. स्वयंपाकघरात त्याची जागा तिने रोज पुसली. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं, कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळली. शेजारच्या बाई "आमच्या फ्रीजात ठेवा की" म्हणाल्या तर ती म्हणायची, "नको, आमचा येतोय दुरुस्त होऊन." मुलाने बेंगळुरूहून नवा पाठवतो म्हटलं, तर त्यालाही तेच सांगितलं. मी वर मुलाला फोनवर ऐकवलं, की वस्तू टाकू नयेत, दुरुस्त कराव्यात, हा खरा पर्यावरणवाद.

पुढच्या दुसऱ्या रविवारी टेम्पो आला. मी आणि बायको फाटकात उभे. टेम्पोत फ्रीज दिसेना. मिस्त्री उतरले ते हसतच.

"वाढवला की, सर, गेल्या आठवड्यात. लई देखना निघाला आतनं. गॅस कणभर भाईर जाऊ दिला न्हाय. समदं न्यारं न्यारं करून लावून दिलं कारखान्याला." त्यांनी कारखान्याची पावती माझ्या हातात ठेवली आणि काडेपेटी बायकोच्या. "मागच्या बाजूला अडकल्यालं हुतं, वैनी."

"अहो, पण फ्रीज कुठाय?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"वाढवला म्हणता ना? मग आणा की!"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. आजूबाजूला चारपाच जण आपापले पंखे आणि इस्त्र्या घेऊन उभे होते, तेही बघत राहिले. बायकोला मात्र एका क्षणात कळलं. तिने काडेपेटी उघडली. आत खोडरबराचा एक तुकडा होता, शिकवणीच्या कुठल्या तरी पोराचा.

"वाढवला म्हणजे मोडला हो," ती मला म्हणाली. "नारळ वाढवतात तसा. एवढी वर्षं शिकवलंत ना?" आणि आत गेली.

शिकवलं होतं! एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, फळ्यावर लिहून. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून माणसं दुसरा शब्द वापरतात. नारळ फोडला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. या प्रश्नाला परीक्षेत पाच गुण असत आणि मी ते सढळ हाताने कापत असे.

मिस्त्री हळू आवाजात सांगू लागले. "आमची आई काकणं भरायची, सर. नृसिंहवाडीला जत्रंत तिचं कापडी पाल असायचं. भरताना एकांदं काकण पिचलं तर फुटलं म्हणायची न्हाय. वाढवलं म्हणायची. तीच सवय लागली बघा. ज्या घरात एवढी वर्सं वस्तू ऱ्हायली, त्या घरच्यासमोर मोडतो कसं म्हणू? म्हणूनशान तर इचारतोय दरयेळी."

एवढ्यावर मी हसून "माझंच चुकलं" म्हणालो असतो तर हे व्यक्तिचित्र इथे संपलं असतं आणि मिस्त्री आजही दुसऱ्या रविवारी आले असते. पण कॉलनीसमोर, माझ्याच विषयात, एका मिस्त्रीकडून आणि बायकोकडून मी नापास झालो होतो. मी ओरडलो. "स्पष्ट बोलता येत नाही का? लोकांच्या वस्तू फसवून नेता!" असं काहीतरी बोललो. फसवून हा शब्द नक्की वापरला. मिस्त्रींनी पावती माझ्या हातातून घेतली, घडी घालून फाटकाच्या दांडीवर ठेवली आणि टेम्पोत बसले.

राग तेवढ्यावर निवला असता तरी चाललं असतं. दुपारी जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि इथल्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. मथळा, "शहराच्या वेशीवर विषाचे अड्डे". गडमुडशिंगीच्या वाटेवर राजरोस चाललेल्या भंगारअड्ड्यांमुळे माती आणि विहिरी नासत असल्याचं त्यात होतं. मिस्त्रींचं नाव नव्हतं. त्या वाटेवर दुसरं यार्डही नव्हतं. ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिला होता तो दुसऱ्याच रस्त्याला, एसटीच्या खिडकीतून, ओढ्याकाठी कुणीतरी वायरी जाळत होतं त्याचा काळा धूर. तो मी उचलला आणि मिस्त्रींच्या शेडवर नेऊन ठेवला. पत्र बुधवारी छापून आलं, पदव्यांसकट. मी पाच अंक विकत आणले.

त्याच्या पुढच्या दुसऱ्या रविवारी मिस्त्री आले, पण टेम्पो नव्हता. एसटीने आले होते. खिशातून त्यांनी कात्रण काढलं.

"सर, हे तुमी लिवलंय व्हय?"

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याची सोय नव्हती, फोटोही होता.

"चांगलं लिवलंय. ह्यातलं राजरोस म्हंजे काय?"

"उघडउघड," मी म्हणालो.

"हां. ते खरं हाय. आमी झाकून काय करत न्हाय." त्यांनी कात्रण पुन्हा घडी करून ठेवलं. "रानवाल्याचं पोरगं म्हणतंय, जागा मोकळी करा. आजूबाजूचं शेतकरी त्याच्याकडं चकरा मारालेत. डेअरीनं दूध घ्यायचं बंद केलं तर काय करायचं म्हणत्यात. परवा समदी बसणार हायत. तुमी येऊन जावा एकडाव. बघा, आनी जे बघितलासा ते सांगा. तुमचंच ऐकतील, पेपरात आलंय तुमचं."

मी गेलो. दोन दिवस मला झोप लागली नव्हती, हे इथे सांगून सहानुभूती मिळवायचा विचार आहे, पण खरं म्हणजे लागली होती.

यार्ड पाहिलं आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही. मातीवर जाड ताडपत्री, तिच्यावर शहाबादी फरशी, फरशीवर प्रत्येक यंत्राखाली पत्र्याची परात, तेलाचा थेंब खाली जाऊ नये म्हणून. गॅस काढायचं मशीन आणि रंगाने ओळखायच्या टाक्या. जुन्या टीव्हीच्या काचा भुसकटात एकेक निजवलेल्या, अढीत आंबे ठेवतात तशा. कडेला दोन बायका हातात सुरी घेऊन वायरींची सालं काढत बसल्या होत्या. "जाळली की दोन मिंटात तांबं सुटतंय," मिस्त्री म्हणाले. "सोलायला दीस जातोय. पर धूर पोरास्नी लागतोय की." माझ्या माळ्यावरून कधीकाळी गेलेला एक मिक्सरही मला तिथे दिसला. त्यावर कुंकू होतं. मिस्त्रींनी ते पुसलं नव्हतं.

रानवाल्याचा मुलगा आणि आठदहा शेतकरी शेडच्या सावलीत बसले. मी उभा राहिलो. आणि बोललो. मी भाषेपासून सुरुवात केली. अशुभ टाळण्याच्या लोकरीतीकडे वळलो, तिथून निसर्ग आणि मानव यांच्या नात्याकडे गेलो, वाटेत ओझोनलाही भेटलो. लोक मुकाट्याने ऐकत होते. शेवटी एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मास्तर, हितं इख हाय का न्हाय, तेवढं सांगा."

"नाही," मी म्हणालो.

"मग पेपरात का लिवलासा?"

हीच ती वेळ होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी ही जागा पाहिली नव्हती. मला एक शब्द कळला नाही, बायकोसमोर लाज वाटली, म्हणून रागाने खोटं लिहिलं. वाक्य तयार होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ते लेखन सर्वसाधारण स्वरूपाचं होतं."

शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "मास्तरच पक्कं सांगंनात," कुणीतरी म्हणालं. मग म्हशींच्या धारांची वेळ झाली आणि सगळे उठले. महिनाअखेर जागा मोकळी करायची, हे कायम राहिलं.

मिस्त्री मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "सर, चाळीस मिंटं बोललासा. एकच वाक्य पायजे हुतं."

त्यानंतर मला ते दिसले नाहीत. मुलीच्या गावाला, तिकडे सीमेलगत, जावयाच्या रानात जागा मिळाली म्हणे. तिथून कोल्हापूरची फेरी परवडत नाही. कॉलनीतले लोक पहिले दोनतीन दुसरे रविवार कोपऱ्यावर वस्तू घेऊन उभे राहिले, मग परत माळे भरू लागले. समोरच्या साहेबांनी गल्लीतून ओरडत जाणाऱ्याला जुना एसी दिला. त्याने तो तिथेच हातोडीने फोडला. मी गॅलरीतून बघत होतो. अध्यक्ष म्हणून मला बोलायचा अधिकार होता, पण मी दार लावून आत गेलो.

मी दैनिकाला खुलासाही पाठवला होता. त्याचे सात मसुदे केले. दर मसुद्यात माझी चूक थोडी लहान होत गेली. छापून आला तो असा: "पत्रातील मजकुरामुळे कुणाचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे." त्यातल्या "असल्यास"वर बायकोने लाल पेनने गोल केला आणि कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. आम्ही दोघंही मास्तरच.

गेल्या थंडीत मी गडमुडशिंगीच्या वाटेवर उतरलो. कुणी विचारलं तर सांगायला एक बिघडलेला मिक्सर पिशवीत घेतला होता. शेड गेलं होतं. फरशी, ताडपत्री, सगळं गेलं होतं. त्या जागी मेथी होती, हिरवीगार, वाफ्यावाफ्यांनी. रानवाल्याची म्हातारी आई बसून मेथी उपटत होती आणि पेंड्या बांधत होती. बैठकीला ती नव्हती, त्यामुळे तिने मला ओळखलं नाही.

"काय पायजे पावणं?"

"इथे एक मिस्त्री होते."

"हुतं की. लई चांगला मानूस. कुणी मास्तरानं पेपरात लिवलं, हितली माती इखारी हाय म्हणून. गेला बिचारा. जाताना समदं रान झाडून गेला बघा, खिळा सुदीक सापडला न्हाय नांगरताना." तिने पेंडीला गाठ मारली. "तुमी कोन म्हणायचं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"मीच तो मास्तर, आजी. मी ही जागा न बघता लिहिलं होतं. खोटं लिहिलं."

म्हातारीने मान वर करून मला नीट पाहिलं. मला वाटलं, आता चार शिव्या पडतील, आणि पडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने हातातली पेंडी माझ्या पुढ्यात धरली.

"मग खाऊन बघा," ती म्हणाली.

मेथी घेऊन मी घरी आलो आणि स्वयंपाकघरात बसून स्वतः निवडली. मुळांना तिथली माती होती. कुठून आणली ते बायकोला सांगितलं. ती परातीत पाणी घेऊन धुवायला लागली. एकदा धुतली, दोनदा धुतली. तिसऱ्यांदा तिने नळ सोडला तेव्हा मी म्हणालो, "पुरे. त्या मातीत काही नाही."